बदामाची चव

घाटकोपर (पश्चिम)
१ जून २०२५

तुझा फोन बंद. तुझ्या आईचा चालू असतो, पण ती तो वाजू देते, वाजू देते आणि मग उचलून म्हणते, "आत्याबाई, सम्यक इथं नाही हो." आणि मागं तू खोकतोस. अरे, तुला दात येत होते तेव्हापासून तुझा खोकला ऐकतेय मी. चेतनाला म्हणावं, सासूशी खोटं बोलायचं असलं तर आधी पोराला दुसऱ्या खोलीत बसवावं. एवढं जमत नाही आणि निघाली लपवायला.

असो. चि. सम्यक, सप्रेम जय भीम. मी ठीक आहे. गुडघे होते तसेच आहेत. तू जेवतखात असशील, नांदेडला आईच्या हातची भाकरी मिळत असेल, चांगलं आहे.

हे पत्र विहारातल्या धम्मपालच्या हाती देतेय. तो मावसभावाच्या लग्नाला नांदेडला निघालाय. त्याला बजावलंय, चेतनाच्या हातात द्यायचं नाही. तू समोर उभा राहिलास की तुझ्या हातात द्यायचं आणि तू उघडून वाचायला लागेपर्यंत चहा पीत बसायचं. तो म्हणाला, "रतनमावशी, चहा नाही दिला तर?" म्हटलं, पाणी पीत बस. चौथी शिकलेली बाई आहे मी. चुका काढत बसू नकोस, वाच.

इकडचं म्हणशील तर नळाला पाणी आता पहाटेचं येतं. बिल्डरचा माणूस येऊन घरांवर लाल रंगानं नंबर टाकून गेला. आपला त्यानं दारावर टाकला. मी ओल्या फडक्यानं पुसून काढला, म्हटलं भिंत तुझी असेल, दार माझं आहे. तुझी सायकल जिन्याखाली आहे, तिच्या खाली मांजर व्यालीय. शेजारणी बोलतात. म्हणजे आधी बोलत असतात, मी आले की गप्प होतात. मीही मुद्दाम तिथंच उभी राहते. बघू किती वेळ तोंड बंद ठेवतात.

ज्या पोरांना त्या दिवशी विहारातली खीर खाऊन उलट्या झाल्या ती सगळी घरी आली. शेजारच्या मानसीची धाकटी सलाईनवर होती, तीही आली, आता परत गल्लीत बोंबलत फिरते. परवा सवयीनं माझ्या दारात बिस्कीट मागायला आली तर मानसीनं दंडाला धरून ओढत नेलं. मानसीच्या जागी मी असते तर मीही ओढलं असतं, वर एक शिवी हासडली असती.

लताचं विचारशील. सांगते. आधी बाकीचं होऊ दे.

अन्नखात्याची बाई आली होती. बाई कसली, पोरगीच, लताच्या दर्शनाच्या वयाची. विहाराच्या कपाटात उरलेले बदाम पिशवीत भरून, वर सील लावून घेऊन गेली. जायच्या आधी एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "आजी, हा बदाम नाही. जर्दाळूच्या आत बी असते ना, तिचा गर आहे हा. बाहेरच्या देशातून पोत्यानं येतो. बदामात मिसळतात, नाहीतर बदाम म्हणूनच विकतात. गोड असला तर एकवेळ ठीक. कडू असला तर विष."

मी म्हटलं, "बाई, आम्ही जर्दाळू बघितला तो दुसऱ्याच्या लग्नात. त्याची बी फोडून कोण बघतंय?"

ती म्हणाली, "पण खीर चाखली नाही का कुणीच?"

हे मात्र लागलं मला. कारण नाही चाखली. तू पुरुषमाणूस, तुझ्या ध्यानात आलं नसेल. त्या दिवशी पौर्णिमा. सकाळी भंतेजींकडून एक सोडून आम्ही सगळ्या बायकांनी अष्टशील घेतलं होतं. दुपारी बारानंतर तोंडात घास घालायचा नाही. आणि खीर चुलीवर चढली चार वाजता. एवढ्या बायका त्या टोपाभोवती, ढवळणाऱ्या, दूध ओतणाऱ्या, वेलची कुटणाऱ्या, आणि एकीचीही जीभ त्या खिरीला लागली नाही. देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य चाखत नाहीत त्या लोकांना मी जन्मभर हसले. म्हणायचे, मीठ कमी पडलं तर तुमचा देव बोलतो का? आणि आमचंच तोंड बांधलेलं.

वर दर्शनानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, मावशी, बदाम शिजवायचे नाहीत, वाटून अगदी शेवटी घालायचे, वास टिकतो. तसंच केलं. वास टिकला.

मग तुझ्या शेठचा माणूस आला. शिवदासशेठला स्वतःला यायला साकीनाक्याच्या सुक्या मेव्याच्या गाळ्यापासून घाटकोपर फार लांब पडतं वाटतं. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. डबा कसला असेल? ड्रायफ्रूटचा! काजू, पिस्ते, अंजीर, वर सोनेरी रिबीन. म्हणाला, "आजी, शेठला खूप वाईट वाटलं. चौकशीला लोक आले तर सांगा, दूध नासलं होतं. उन्हाळा आहे, नासतं."

मी डबा उघडला. म्हटलं, "बस. यातलं एक अंजीर खा माझ्यासमोर."

"मला शुगर आहे, आजी."

"मग पिस्ता खा. पिस्त्यात कुठं साखर?"

तो डबा उचलायचंही विसरला, असा गेला. मी तो डबा पोलिसांत नेऊन दिला. हवालदार म्हणाला, याचं काय करू? म्हटलं, खाऊ नका म्हणजे झालं.

पोलिसांना मी काय सांगितलं ते तुला माझ्याकडूनच कळू दे. मी सांगितलं, बदाम माझ्या नातवानं आणले. कुठून आणले ते त्यालाच विचारा. रस्त्यावरून घेतले असं खोटं सांगता आलं असतं. चेतनानं फोनवर तेच सुचवलं होतं. मी नाही सांगितलं. आणि तुझ्या शेठनं काय सांगितलंय ते ऐक. तो म्हणतो, तो माल गाळ्यात कोपऱ्यात फेकून द्यायला काढला होता, पोरानं न विचारता उचलून नेला. म्हणजे तू चोर. त्याचा गाळा आता कुलूपबंद आहे आणि तो घरी आहे. तू नांदेडला दाराआड खोकत बसलायस, आणि इकडं तुझी गोष्ट तो सांगतोय.

आता मी काय विचारतेय ते नीट वाच.

गेल्या थंडीत दर्शना बाळंत झाली तेव्हा मी तुला म्हटलं होतं, तुझ्या गाळ्यातून थोडी खारीक आण, तिला डिंकाचे लाडू करते. तेव्हा तू काय म्हणालास? "आजी, आमच्या गाळ्यातलं घरात नको." मी विचारलं का रे? तर म्हणालास, जुन्या मनुकांना तेल लावून चमकवतात, पाकिटावरची तारीख पुसून नवी मारतात, कुठल्या देशातून काय येतं आणि काय होऊन जातं देव जाणे. "दुकानातून आण," म्हणालास. मी दुकानातून आणली. मनात म्हटलं, पोरगा शहाणा आहे, जिथं काम करतो तिथलं ओळखून आहे.

मग जे घरात नको ते विहारात कसं चाललं?

याच प्रश्नाशी मी बसते, उठते, भांडी घासते. मीच तुझी वकील होते आणि मीच सरकारी वकील. म्हणते, कळून आणले असते तर पोरानं माईकवर नाव घ्यायला लावलं नसतं. पांढरा शर्ट घालून खांद्यावर पिशवी घेऊन आलास, धम्मपालच्या कानात सांगितलंस, आणि त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "सम्यककडून खीरदानासाठी बदाम." आपल्या घरातलं नाव त्या माईकवर त्याआधी एकदाच घेतलं होतं, तुझा बाप गेला तेव्हा. मी टोपाजवळ उभी होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग आठवतं, तू खीर खाल्ली नाहीस.

लहानपणापासून पहिली वाटी तुझी. परीक्षा असो, ताप असो. त्या दिवशी मी स्वतः वाटी भरून तुझ्यापुढं धरली तर म्हणालास, "नंतर." आणि गेटजवळ जाऊन लोकांना पाणी वाटायला लागलास. तेवढंच. नंतर. गर्दी होती, घाम होता, माणसाला नसेल लागली भूक. मी स्वतःला हेही सांगते. त्या एका शब्दाला मी इतक्या वेळा उलटंपालटं केलंय की त्याची सालं निघाली.

आता लता.

लता गेली.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलास तेव्हा ती दवाखान्यात होती आणि बोलत होती, म्हणून तुला वाटलं असेल बाकीच्यांसारखी तीही येईल घरी. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. डॉक्टरांनी केलं ते केलं, मी रात्रंदिवस तिथंच होते, मी बघितलं. शुगर होती, हृदय आधीच थकलेलं. चेतनाला कळवू नका असं मीच सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, तुला कळलं की तू नांदेडहूनही पुढं पळशील. म्हणून धम्मपालला तुझ्यासमोर बसवलंय. बस खाली. पाणी पी.

लतामाय म्हणायचास तू तिला. मी बंगल्यांवर कामाला, चेतना शिलाईच्या कारखान्यात, आणि तू तिच्या मांडीवर. तू पहिलं पाऊल तिच्या घरात टाकलंस, आणि ती बया ते सांगायला मी राबत होते त्या बंगल्यावर तुला काखेत मारून चालत आली. मालकीण ओरडली तर म्हणाली, "बाई, पोरगा चालला, तुम्ही पण बघा." असली होती.

सगळ्या बायकांत अष्टशील न घेतलेली ती एकटी. गोळ्या होत्या ना, उपाशी राहायचं नव्हतं तिला. बदाम तिनंच मिक्सरला वाटले. संध्याकाळ झाली, मी म्हटलं, "लते, काहीतरी खाऊन घे, नाहीतर इथंच पडशील आणि आम्हाला उचलावं लागेल."

म्हणाली, "काय खाऊ? खिरीत साखर ओतलीय निस्ती."

मग मी एक काम केलं. साधं दूध बाजूला काढलं होतं. मिक्सरच्या भांड्याला वाटण लागलेलं होतं, ते वाया कशाला घालवायचं? त्यातच दूध ओतलं, वर दोन चमचे वाटण घातलं, फिरवलं आणि पेला भरून तिच्या हातात दिला. म्हटलं, "बिनसाखरेचं आहे. तुझ्या सम्यकचे बदाम आहेत, तूच पहिली पी."

एक घोट घेतला आणि म्हणाली, "रतने, कडसर लागतंय गं."

"साखर नाही म्हणून. बदाम असेच लागतात."

"तू कधी खाल्लेस?"

"आणि तू कधी खाल्लेस? पी गुमान."

हसली. पेला रिकामा करून पदरानं तोंड पुसलं.

खिरीत तेच वाटण टोपभर दुधात गेलं, म्हणून पोरं उलट्यांवर सुटली. तिला मी ते जवळजवळ नुसतंच पाजलं. अन्नखात्याच्या पोरीनं हे मला नाही सांगितलं, तिला माहीतच नाही. दर्शनाला माहीत आहे, तिला मी त्याच रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर सांगितलं. आता तुला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नळ्या लावलेल्या, तोंडावरचा मास्क बाजूला करून लता मला म्हणाली, "रतने, बदाम लई महागात पडले." मी म्हटलं, "गप पड." हेच शेवटचं बोलणं आमचं. मला याहून चांगलं काही सुचलं नाही.

रडले की नाही ते विचारू नकोस. तिच्या जलदान विधीला पांढरी साडी नेसून मागं बसले. कुणी उठवलं नाही.

सम्यक, आम्हाला बदामाची चव कुठं माहीत होती? मी मालकिणीच्या पोरांना बदाम भिजवून सोलून दिलेत, वर्षानुवर्षं. एकही तोंडात टाकला नाही, चोरीचा आळ नको म्हणून. तुझ्या दहावीला मी विकत आणले आणि रोज एक भिजवायचे. साल मी काढायचे, बदाम तू खायचास. त्या विहारात, त्या टोपाजवळ, खरा बदाम कसा लागतो हे माहीत असलेला तू होतास. त्या पिशवीतला एक तरी चाखून बघितलास का रे?

परवा दर्शना आली होती. कडेवर बाळ. दारात उभी राहिली. म्हटलं, आत ये, तर म्हणाली, "नको मावशी. एकच विचारायचंय. त्याला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

तुला माहीत आहे माझं तोंड. नगरसेवक असो, पोलीस असो, मालकीण असो, मी कुणाचं उत्तर बाकी ठेवलेलं नाही. त्या पोरीपुढं मी नुसती पदराची घडी नीट करत बसले. बाळानं हात पुढं केला माझ्याकडं, तर तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. रागानं नाही. बाळ जड झालं म्हणून घेतलं असेल. ते मला कळत नाही आता, कोण रागानं वागतंय आणि कोण नुसतं वागतंय.

जाताना म्हणाली, "मावशी, आई गेली ती गेली. पण तो आमच्या घरात वाढलाय. मला कळल्याशिवाय मी त्याच्यावर धड रागावू पण शकत नाही, आणि धड रडू पण शकत नाही."

मी म्हटलं, "विचारून सांगते."

म्हणून हा सगळा खटाटोप.

शेठ म्हणतो तसं चोरून उचलले असशील तर चोर म्हणून ये. मी चौकीत डबा घेऊन येईन आणि सगळ्यांदेखत कानफटात मारीन. शेठनं "ने दानाला, हा बरा माल आहे" म्हटलं आणि तू विश्वास ठेवलास, तर गाढव म्हणून ये. गाढवाला घरात जागा आहे, आपल्या घरात पूर्वीही होती. आणि जर तुला माहीत होतं, की माल बरा नाही, आणि म्हटलंस की विहारात काय, टोपभर दुधात कोण बघतंय, माईकवर नाव तर येईल

हे वाक्य मला पुरं करता येत नाही. दोनदा लिहून खोडलं.

पोलिसांकडं कधी यायचं ते तू ठरव. वयानं मोठा आहेस. माझ्यासाठी येऊ नकोस, माझी दोन वेळची भाकरी चाललीय. पण हे पत्र वाचून झाल्यावर कागद घे. मला लिहू नकोस. मला लिहिलंस तर तू काहीही लिहिलंस तरी मी ते खरं मानीन. आजी आहे मी तुझी, माझ्या मानण्याला काय किंमत?

तुझी,
रतन आजी

चेतनानं लिहायचं नाही, शेठच्या वकिलानं लिहायचं नाही, धम्मपालजवळ तोंडी निरोप द्यायचा नाही. तू लिहायचंस. वर दर्शनाचं नाव घालायचंस.